पैसा आहे, पण अडकलाय: पुण्यात नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी पैशाचे इंग्रजी शब्द

जुन्नरजवळच्या गावातून पुण्यात आले तेव्हा माझं बीकॉम झालेलं होतं, कीर्द-खतावणी पक्की होती आणि इंग्रजी वाचलं तर समजत होतं. लिहायची वेळ मात्र आली नव्हती. ती भोसरीत आली. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेबाला लागले आणि तिसऱ्याच आठवड्यात चेन्नईच्या पोलाद पुरवठादाराला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याचं बिल थकलं होतं. आमच्या गिऱ्हाइकाकडून रक्कम यायची होती, ती आली की लगेच देतो, एवढंच कळवायचं होतं. मी लिहिलं, ‘वुई हॅव नो मनी.’

चार दिवसांनी त्याचा फोन आला. पुढचा माल रोखीने, उधारी बंद. त्या वाक्याचा जो अर्थ होतो तोच त्याने घेतला होता: यांचा धंदा बसला. वर्कशॉपच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, पैसा आहे आपल्याकडे. तो अडकलाय. नसलेला पैसा आणि अडकलेला पैसा एकच का?”

हा फरक मला मराठीत लहानपणापासून कळत होता. माझे वडील कांदा विकून आले की घरात रोकड यायची, सोसायटीत बाकी असायची, बियाण्यासाठी उचल घेतलेली असायची. या सगळ्याला वेगवेगळी नावं होती. इंग्रजी लिहायला बसले आणि मी ती सगळी नावं विसरून डोक्यात फक्त ‘पैसे’ धरले, मग ‘पैसे’चं ‘मनी’ केलं. आता संध्याकाळी माझ्याकडे हिंजवडी, खराडी, चाकण इथे पहिल्या नोकरीला लागलेली मुलंमुली येतात. त्यांचीही चूक नेमकी इथेच होते. त्यांना ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

पायरी पहिली: आधी मराठी नाव शोधा

पेठेतलं एखादं गणेश मंडळ डोळ्यांपुढे आणा. कार्यकर्ते घरोघर फिरून जमवतात ती वर्गणी, इंग्रजीत कॉन्ट्रिब्यूशन. एखादे दुकानदार आपणहून मोठी रक्कम देतात ती देणगी, म्हणजे डोनेशन. जमलेलं सगळं उत्सवासाठी वेगळं राखलं जातं, तो निधी: फंड. खजिनदारांच्या पेटीत नोटा आणि नाणी आहेत ती रोकड: कॅश. मांडवाला इतके, ढोल-ताशाला इतके, प्रसादाला इतके असं कागदावर ठरतं ते अंदाजपत्रक: बजेट. मांडववाल्याला आधी टेकवलेला विसार म्हणजे अ‍ॅडव्हान्स. विसर्जनानंतर हातात उरते ती शिल्लक, आणि मांडववाल्याचे द्यायचे राहिले ती बाकी. या दोन्हींना इंग्रजी बॅलन्सच म्हणतं. ते पुढे बघू.

पैसा तोच आहे. तो कुठे आहे आणि कोणत्या कामाला बांधला आहे यावर त्याचं नाव बदलतं. म्हणून ईमेल लिहायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हा पैसा कोणत्या रूपात आहे? कशासाठी राखला आहे का? आणि आज, आत्ता, खर्च करता येईल का? उत्तरं मराठीतच द्या. मराठी शब्द नेमका सापडला की इंग्रजी शब्द त्याच्या मागोमाग येतो.

पायरी दुसरी: मनी आणि कॅश

मनी हा सगळ्यांत मोकळा शब्द आहे, म्हणून कामाच्या पत्रात तो सगळ्यांत कमी उपयोगाचा. घरी, मित्रांत, गप्पांत तो चालतो. गिऱ्हाइकाला, बँकेला किंवा साहेबांना लिहिताना त्याच्या जागी नेमका शब्द घ्या.

व्याकरणाचा घोळही इथेच होतो, आणि त्याचं कारण मराठीत आहे. आपण ‘पैसे आहेत’ म्हणतो, म्हणजे पैसे अनेकवचनी. मनी मोजता येत नाही म्हणून तो कायम एकवचनी: ‘द मनी इज रेडी’, ‘आर’ नाही. ‘मेनी मनी’ होत नाही, ‘मच मनी’ होतं. कायद्याच्या भाषेत ‘मनीज’ असं अनेकवचन सापडतं, आपल्या राज्यघटनेतही आहे, पण तुम्ही ते वापरू नका.

कॅश म्हणजे रोख. पेटीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच-इटालियन शब्दापासून तो आला. आधी पेटीला कॅश म्हणत, मग पेटीतल्या पैशाला म्हणू लागले. आपण गल्ला म्हणतो तेव्हा कधी पेटी म्हणायची असते, कधी त्यात जमलेली रक्कम, तसंच हे. तुळशीबागेत दुकानदार ‘कॅश की ऑनलाइन?’ विचारतात तेव्हा त्यांना नोटा हव्यात का एवढंच कळायला हवं असतं.

कंपनीत मात्र सावध राहा. ताळेबंदात ‘कॅश अँड कॅश इक्विव्हॅलंट्स’ अशी ओळ असते आणि तिच्यात बँकेतली रक्कमसुद्धा धरलेली असते. साहेबांनी ‘हाऊ मच कॅश डू वुई हॅव?’ विचारलं तर ड्रॉवर उघडून नोटा मोजू नका. त्यांना हातातलं आणि बँकेतलं मिळून हवं आहे. फक्त ड्रॉवरमधल्या पैशाला ‘पेटी कॅश’ (ही आपली पेटी नव्हे, इंग्रजी ‘पेटी’ म्हणजे किरकोळ) किंवा ‘कॅश इन हँड’ म्हणतात. काही कार्यालयांत त्यालाच इम्प्रेस्ट म्हणतात: समजा पाच हजार ठरलेले, महिन्यात जेवढे खर्च झाले तेवढे पावत्या दाखवून पुन्हा भरून घ्यायचे.

सुट्टे, मोड, चिल्लर या सगळ्याला चेंज. इथेही ‘चेंजेस’ म्हणू नका. चेंजेस म्हणजे बदल.

पायरी तिसरी: फंड आणि फंड्स

इथे घाई करू नका. शेवटी एक ‘स’ जोडल्यावर शब्दाचा अर्थच बदलतो, आणि सगळ्यांत जास्त चुका मी इथेच दुरुस्त करते.

एकवचनी फंड म्हणजे विशिष्ट कामासाठी वेगळा काढलेला निधी. त्याला नाव असतं, हेतू असतो, बहुतेक वेळा नियमही असतात. मराठी माणसाला हा शब्द जुनाच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. देशी उद्योगासाठी पैसा पैसा जमवलेला, दुसऱ्या कशाला न वापरायचा, असा तो पैसा. फंड या शब्दाचा इतका चांगला नमुना इंग्रजी पुस्तकातही मला मिळाला नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तळ किंवा पाया. आपल्याकडे राखीव साठ्याला गंगाजळी म्हणतात, तेव्हा मनात असतं ते असंच, खाली साठून राहिलेलं पाणी.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीतला प्रॉव्हिडंट फंड हाच. बेसिक आणि महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के तुमच्याकडून कापले जातात, कंपनीही आपला वाटा घालते, आणि ती रक्कम तुमच्या उतारवयाला बांधलेली असते. म्हणूनच वडीलधारी माणसं निवृत्तीनंतर ‘फंड मिळाला’ म्हणतात. सोसायटीच्या बिलातला सिंकिंग फंडही याच जातीचा. सिंकिंग शब्द ऐकून एका मुलाला वाटलं होतं की हा बुडीत खात्यातला पैसा. तसं अजिबात नाही. इमारत जुनी झाल्यावरच्या मोठ्या कामांसाठी तो साठवतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के इतकी ही वर्गणी असते. सरकारचंही असंच आहे: राज्यघटनेच्या २६६ व्या कलमात कन्सॉलिडेटेड फंड आहे, २६७ व्यात अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी कंटिन्जन्सी फंड.

आता फंड्स. हा नुसता फंडचा अनेकवचनी अवतार नाही. फंड्स म्हणजे हाताशी असलेला, आज वापरता येणारा पैसा. काका ज्याला ‘हातातला पैसा’ म्हणायचे तो. क्रियापद अनेकवचनी: ‘फंड्स आर अव्हेलेबल.’ चेक परत आला की बँकेच्या चिठ्ठीवर ‘फंड्स इनसफिशियंट’ असतं. त्याचा अर्थ एवढाच की चेक वटवायला त्या दिवशी त्या खात्यात पुरेशी रक्कम नव्हती. तो माणूस गरीब आहे असं त्यातून निघत नाही, त्याच्या नावावर मुळशीत चार एकर जमीनही असू शकेल. पण कायदा कडक आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या १३८ व्या कलमाखाली चेक न वटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. जमीन आहे, फंड्स नाहीत, हे उत्तर तिथे पुरत नाही. चेकवर सही करण्याआधी हे लक्षात असू द्या.

म्हणून ‘वुई हॅव नो फंड’ असं कधी लिहू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, कुठल्याशा योजनेचा निधी नाही. हाताशी पैसा नाही म्हणायचं असेल तर ‘वुई आर शॉर्ट ऑफ फंड्स’. पैसा आहे पण अडकला आहे म्हणायचं असेल तर ‘अवर फंड्स आर टाइड अप’. टाइड अप म्हणजे बांधलेला, अडकलेला. काकांच्या तोंडचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं.

फंडिंग वेगळं. दुसऱ्याने एखाद्या कामाला पुरवलेला पैसा, किंवा तो पुरवण्याची क्रिया. स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांच्या कानावर हा शब्द रोज पडतो. रिफंडमध्ये मात्र निधी शोधू नका, तो नुसता परत मिळालेला पैसा.

पायरी चौथी: बॅलन्स

मराठी इथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे शिल्लक म्हणजे आपली उरलेली रक्कम आणि बाकी म्हणजे देणं-येणं राहिलेलं. इंग्रजीत दोन्हीला बॅलन्स. म्हणून हा शब्द दिसला की आधी विचारा: ही शिल्लक की बाकी?

बचत खात्याचा बॅलन्स ही तुमची शिल्लक. क्रेडिट कार्डाचा ‘आउटस्टँडिंग बॅलन्स’ ही तुमच्यावरची बाकी. माझ्याकडच्या एका मुलीने कार्डाच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स अठरा हजार बघितला आणि तेवढे आपले आहेत समजून खरेदी केली. पुढच्या महिन्याचं बिल भरायला तिला भावाकडून उसने घ्यावे लागले. कार्डावर अजून किती खर्च करता येईल ते ‘अव्हेलेबल लिमिट’मध्ये असतं, आणि तेही उधारच असतं, तुमचं नव्हे.

बचत खात्यातही दोन आकडे दिसू शकतात. एक खात्यातली एकूण रक्कम, दुसरा ‘अव्हेलेबल बॅलन्स’, म्हणजे आज काढता येईल तेवढी. यांच्यात फरक पडण्याची तीन नेहमीची कारणं. तुम्ही भरलेला चेक अजून वटलेला नसतो. किंवा तुम्ही शेअरच्या आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीला, अर्ज केलेला असतो: वाटप होईपर्यंत ती रक्कम तुमच्याच खात्यात राहते, पण गोठवलेली असते. किंवा बँकेने काही कारणाने रकमेवर ‘लिअन’ म्हणजे बोजा लावलेला असतो. भाडं पाठवताना, चेक देताना नेहमी अव्हेलेबल बॅलन्सच बघा. आणि ‘मिनिमम बॅलन्स’ ठेवायची अट असलेलं खातं असेल तर तेवढं मनातून वजा करा. तो पैसा तुमचा आहे, पण त्याला हात लावला की दंड बसतो.

पायरी पाचवी: कॅपिटल आणि मालमत्ता

भांडवल म्हणजे कॅपिटल. धंद्यात घातलेला, त्यातून आणखी कमाई व्हावी म्हणून गुंतवलेला पैसा. घरखर्चाच्या पैशाला कॅपिटल म्हणत नाहीत. कर्जाच्या मुद्दलाला इंग्रजीत ‘प्रिन्सिपल’ म्हणतात. लिहिताना त्याचं आणि कॉलेजच्या प्राचार्यांचं स्पेलिंग एकच, ‘पी ए एल’ने संपणारं. ‘पी एल ई’ने संपतो तो शब्द तत्त्व या अर्थाचा.

‘वर्किंग कॅपिटल’ला आपल्याकडे खेळतं भांडवल हा सुरेख शब्द आहे. माल आणायचा, पगार द्यायचे, वीजबिल भरायचं, तोवर गिऱ्हाइकाचे पैसे यायचे, ते पुन्हा मालात घालायचे. हिशेबात ते असं काढतात: वर्षभरात रोख होऊ शकेल असं सगळं, वजा वर्षभरात द्यायचं असलेलं सगळं. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपला नफा होता, मशीन होत्या, ऑर्डरी होत्या. खेळतं भांडवल मात्र तीन महिने गिऱ्हाइकाच्या टेबलावर पडून होतं. छोट्या उद्योगांना असं ताटकळायला लागू नये म्हणूनच २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात त्यांची बिलं ४५ दिवसांच्या आत चुकती करायची तरतूद आहे.

सोनं, जमीन, फ्लॅट हे ‘अ‍ॅसेट्स’, मालमत्ता. लक्ष्मी रोडवर घेतलेलं सोनं त्याच दिवशी विकता येतं, माणमधली जमीन विकायला महिने लागतात. जे लवकर रोख होतं त्याला ‘लिक्विड’ म्हणतात.

पायरी सहावी: बजेट

बजेट म्हणजे पैसा नव्हे. खर्च करायची आखणी आणि परवानगी. ‘द बजेट इज सँक्शन्ड, बट द फंड्स आर नॉट रिलीज्ड’ हे वाक्य तुम्हाला सरकारी कामात हमखास भेटेल: मंजुरी झाली, निधी आला नाही. साहेब ‘देअर इज नो बजेट’ म्हणाले तर कंपनीकडे पैसा नाही असं समजू नका. तुमच्या कामासाठी तो ठेवलेला नाही, एवढंच. अशा वेळी पुढच्या तिमाहीत मागा.

पायरी सातवी: येणारा आणि जाणारा पैसा

येणाऱ्या पैशाची मराठी नावं पक्की असली की इंग्रजी आपसूक जुळतं. पगार सॅलरी, रोजंदारी वेजेस, विद्यावेतन स्टायपेंड, मानधन ऑनररिअम, भत्ता अलाउन्स, अनुदान ग्रँट. अ‍ॅप्रेंटिस असाल तर तुम्हाला मिळतं ते स्टायपेंड. बायोडेटात त्याला सॅलरी लिहू नका.

जाणाऱ्या पैशात मात्र मराठी एकटीच सगळा भार उचलते. खोलीचं भाडं, बसचं भाडं, टेम्पोचं भाडं, सगळं भाडंच. इंग्रजीत खोलीचं रेंट, बस किंवा रिक्षाचं फेअर, मालवाहतुकीचं फ्रेट, वस्तू भाड्याने घेतली तर हायर. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहत असाल तर महिन्याचे पैसे रेंट म्हणून चालतात. पण लीव्ह अँड लायसन्सचा करार केलात तर त्यात रेंट शब्द बहुधा सापडणार नाही, ‘लायसन्स फी’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’ असेल. घाबरू नका, भाडंच ते. अनामत म्हणजे ‘सिक्युरिटी डिपॉझिट’. तिच्याजवळ ‘रिफंडेबल’ शब्द आहे ना, हे सही करण्याआधी बोट ठेवून बघा. आणि लेंड-बॉरो कायमचं ठरवून टाका: उसने देणं लेंड, उसने घेणं बॉरो.

पायरी आठवी: पंधरा दिवसांचा सराव

रोज झोपण्याआधी दिवसभरातले तुमचे तीन व्यवहार लिहा. आधी मराठी नाव, मग इंग्रजी. मेसचे दिले, मित्राला दिले, रिक्षाला दिले. बँकेचे मेसेज पुसून टाकू नका, त्यातला प्रत्येक शब्द ओळखता येतो का बघा. आठवड्याने छोटे निरोप लिहायला घ्या. घरमालकांना कळवा की पगार उशिरा होतोय, भाडं पाच तारखेला देते: ‘माय सॅलरी इज डिलेड, आय विल पे द रेंट ऑन द फिफ्थ.’ इथे फंड्स नको, मनी नको, कारण नेमके शब्द हाताशी आहेत. साहेबांना विचारा की प्रशिक्षणाची फी कंपनी देईल का: ‘इज देअर अ बजेट फॉर द ट्रेनिंग फी?’

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांकडून चेन्नईचं ते पत्र लिहून घेते. तुम्हीही लिहा, मग खालच्याशी ताडून पाहा:

‘अवर फंड्स आर टाइड अप इन अ पेमेंट ड्यू फ्रॉम अवर कस्टमर. वुई एक्स्पेक्ट इट बाय द ट्वेंटिएथ अँड विल क्लिअर युअर बॅलन्स द सेम डे.’

आमचा पैसा गिऱ्हाइकाकडच्या येण्यात अडकला आहे, वीस तारखेपर्यंत येईल, त्याच दिवशी तुमची बाकी चुकती करू. ही दोन वाक्यं तेव्हा मला लिहिता आली नाहीत. उधारी पुन्हा सुरू व्हायला सात महिने लागले, आणि त्यासाठी काकांना स्वतः चेन्नईला जाऊन यावं लागलं.